सब्बल परत आली

गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की लोक म्हणतील, बदनामी केली, आणि आमच्या गावात माणूस मेल्यापेक्षा बदनामीचं दुःख मोठं असतं. कारंज्याची एसटी ज्या फाट्यावर थांबते तिथून चार किलोमीटर आत, एवढं पुरे. गावाच्या उगवतीला आमची बौद्धांची वस्ती, चौतीस घरं. उद्या दसरा आहे. परवा सकाळीही ती चौतीसच असावीत, एवढंच माझं म्हणणं आहे. गेल्या पाच दिवसांत हे मी ज्याला ज्याला सांगितलं, त्यानं त्यानं मला चहा पाजला.

मी सुकेशनी, गावची आशाताई. गरोदर बाया, लेकरांच्या लसी, ताप-खोकला, सगळी कामं माझ्याकडं, त्यामुळं वस्तीतली काय नि गावातली काय, सगळी दारं मला उघडी. कुणाच्या घरात काय शिजतंय नि कोणती सून कुणावर रुसलीय, हे मला ग्रामपंचायतीच्या आधी कळतं. पण जे कळायला हवं होतं ते मला सगळ्यांच्या शेवटी कळलं. त्याचा राग आहे, आणि तो माझा माझ्यावरच आहे.

माझ्या सासूबाईंचं नाव पंचफुला. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. वय सत्तरीला टेकलेलं, पाठीत वाकलेल्या, पण जीभ अजून सरळ. त्यांना एक खोड आहे, वस्तू उसनी द्यायची. मागायला येणाऱ्याला तर देतातच, पण न मागणाऱ्याच्याही घरी नेऊन ठेवतात. "असू दे, कामी येईन," म्हणतात आणि वळून चालायला लागतात. आमची ताडपत्री गावात, फवारणीचा पंप गावात, शिडी गावात, लग्नकार्यात भात शिजवायचा मोठा गंजसुद्धा गावात. एकदा माझ्या नवऱ्यानं, धम्मरत्ननं, खणायचं नवं टिकास आणलं, त्याला दांडा बसवला, भिंतीला टेकवलं आणि हातपाय धुवायला गेला. तो परत येईपर्यंत ते टिकास पाटलाच्या गोठ्यात पोचलं होतं. गावातले लोक एकमेकांना चिडवायचे, "वस्तू सापडत नसन तं पंचफुलाबाईच्या घरी पाह्य, अन् तिथंबी नसन तं समज तुह्याच घरी हाये."

गंमत म्हणजे वस्तीतल्या कुणी काही नेलं तर आत्याबाई दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दारात उभ्या. परत न मागण्याची सवलत फक्त गावातल्यांना.

त्याचं कारण मला लग्न होऊन आल्यावर सहा महिन्यांनी कळलं, तेही भांडण झालं म्हणून. ही सत्तेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आत्याबाई तेव्हा बावीस वर्षांच्या, आणि धम्मरत्न पोटात. त्या काळी गावातले लोक वस्तीतलं भांडं नेत नसत, सूप-टोपली नेत नसत, पण लोखंड नेत. लोखंडाले बाट नाई, असं म्हणायचे. विटाळालासुद्धा गरजेपुरती अक्कल असते. आमच्या घरची सब्बल, म्हणजे खड्डे खणायची जाड लोखंडी पहार, गावातल्या मारोतरावांच्या घरी कुंपणाच्या कामासाठी गेली होती. चार महिने तिकडंच होती. एके दिवशी भर दुपारी मारोतरावांची नवी नवरी, कस्तुराबाई, ती सब्बल उचलून स्वतः आमच्या दारात आली. गावातली सून वस्तीत यावी, तीही एकटी, हे तेव्हा कुणी पाहिलेलं नव्हतं. तिनं सब्बल उंबऱ्यापाशी ठेवली, एक शब्द बोलली नाही आणि गेली. त्याच दुपारी कुणी पावडं आणून दिलं, कुणी कुऱ्हाड. आत्याबाईंना बरं वाटलं. त्यांचे यजमान देवमन हसून म्हणाले, "लोकं सुधरून राह्यले वं, पंचफुला."

दुसऱ्या दिवशी वस्ती पेटवली.

कारण विहिरीच्या पाण्याचं होतं. ते नसतं तर दुसरं सापडलं असतं. देवमन गेले, त्यांचा भाऊ सुखदेव गेला, खाटेवरून उठता न येणारी रंगूबाई खाटेवरच गेली, आणि सुमेध नि शीला ही भावंडं, सात वर्षांचा नि चार वर्षांची. आत्याबाई तुरीच्या वावरात पडून राहिल्या म्हणून वाचल्या. कोर्टात नऊ वर्षं केस चालली, साक्षीदारांना काहीच आठवेना, मारोतरावांसकट सगळे सुटले. सुटले ते गावातच राहिले आणि आमच्या बाया त्यांच्याच वावरात निंदायला जात राहिल्या. दुसरं वावर कुणाचं होतं?

राखेत लोखंड तेवढं उरलं होतं. धम्मरत्न सव्वा महिन्याचा झाला तेव्हा आत्याबाईंनी ती काळी पडलेली सब्बल खांद्यावर घेतली आणि कस्तुराबाईच्या दारात गेल्या. म्हणाल्या, "हे ठेव तुह्यापाशी. वापर, नाई तं नको वापरू. पन परत आनू नको." कस्तुराबाईनं ती घेतली. त्यानंतर सत्तेचाळीस वर्षं ती सब्बल त्याच घरात होती.

आत्याबाईंचं म्हणणं असं, की ज्याचं घर जाळायचं ठरलंय त्याची वस्तू माणूस आपल्या घरात ठेवत नाही. त्यातही चांगला माणूस तर नाहीच ठेवत. "वाईट मानसाचं मले भेव नाई," त्या म्हणायच्या. "त्याचं तोंड दिसते. चांगला मानूस सांगत नाई. तो निस्ती वस्तू आनून देते." म्हणून त्यांनी गावभर आपल्या वस्तू पेरून ठेवल्या होत्या. त्या तिकडं आहेत तोवर आपण इकडं आहोत.

मी बारावी शिकलेली. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या घरात हा कसला कौल लावून बसल्यात, असं मला वाटायचं. तोंडावर कधी बोलले नाही, पण मनातून हसायची.

माझी मुलगी स्नेहा अमरावतीला वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. उन्हाळ्यात ती घरी आली तीच मुळी जगभरच्या कत्तली डोक्यात घेऊन. आफ्रिकेतल्या एका देशात रेडिओवरून शेजाऱ्यांना झुरळं म्हणायचे, तिकडं युरोपात आधी दुकानांवर खुणा केल्या, असं जेवताना सांगायची. "आई, हे कुठंच एकदम नाही होत," ती म्हणायची. "आधी महिनोन् महिने खुणा दिसतात. ओळखणारेबी असतात. ऐकणारं कोणी नसते. अन् मागच्यांची नावंच पुसली तं पुढच्याले कोण सांगन?" मग एक दिवस म्हणाली, आपल्या पाच जणांची नावं कुठंच लिहिलेली नाहीत, विहारासमोर एक दगड बसवू. पाच नावं आणि तारीख, बस. कुणी मारलं ते लिहायचं नाही.

वस्तीला ते पटलं. मला तर फारच पटलं. आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "नाव लिवलं तं ते पाची जन खरंच मेले म्हनून समजा." पण अडवलं नाही. कारंज्याहून काळा दगड घडवून आणला. दसऱ्याला आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो, त्या दिवशी सकाळी दगड उघडायचा असं ठरलं. त्याच दिवशी संध्याकाळी गावाच्या देवीची मिरवणूक विहारासमोरच्या रस्त्यानं जाते. पन्नास वर्षं जात आलीय, तिच्यावरून कधी तंटा झाला नाही.

देवीच्या मंडळाचा अध्यक्ष भागवत, कस्तुराबाईचा मुलगा. भागवत वाईट आहे असं मी आजही म्हणणार नाही. भर पावसात त्याच्याच जीपमधून मी तीन बाळंतिणी दवाखान्यात पोचवल्यात, त्यानं डिझेलसुद्धा मागितलं नाही. पण दगडाचं कळल्यावर तो मला रस्त्यात थांबवून म्हणाला, "सुकेशनीताई, माह्या बापाचं नाव नाई त्याच्यावर, मले मालूम हाये. पन वाचनारा इचारतेच ना, मारलं कोनं?"

"मग काय सांगायचं भाऊ?" मी विचारलं.

"लिवूच नका म्हनतो मी," तो म्हणाला आणि गाडी चालू केली.

त्यानंतर पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक झाली. दर सणाआधी होते. दोन्हीकडचे दहा-दहा लोक, बिस्किटं, चहा. सगळ्यांनी सांगितलं की आमच्या गावात सलोखा आहे. फोटो पेपरात आला, त्यात राजपालभाऊ, म्हणजे आमच्या विहार समितीचे अध्यक्ष, आणि भागवत हातात हात घालून उभे आहेत.

खुणा नव्हत्या असं नाही. सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापायला, दरवर्षी आमच्या बाया लागतात, यंदा गावानं बाहेरून मजूर आणले. गावाच्या मोबाईल ग्रुपवर कुणीतरी रोज लिहायचं, की हे लोक सवलती खाऊन माजलेत. त्याखाली हसणारी तोंडं यायची, त्यात मी ज्यांना डोस पाजले ती पोरं होती. मी ते वाचून फोन पालथा ठेवायची. कामाचा रगाडा होता.

त्यात आभाळ आलं. आमच्या तीन एकरांतली सोयाबीन सोंगून वावरात पडलेली, आणि घरात ताडपत्री नाही. माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी मी लसीकरणासाठी गावात फिरत होते. ज्या दारात गेले तिथं लेकराला डोस पाजला नि लगेच म्हटलं, आमच्या आत्याबाईचं काय आहे तुमच्याकडं, ते आजच्या आज पोचतं करा. लोक हसले. "आली का आठवन," म्हणाले. कुणाच्या मनाला लागलं नाही. संध्याकाळपर्यंत आमच्या अंगणात अकरा वस्तू आल्या. ताडपत्री, पंप, शिडी, गंज, टिकास, दोन विळे, एक तर आमची आहे हेही मला माहीत नव्हतं अशी चाळणी. मी ऐटीत सगळं भिंतीला ओळीनं लावून ठेवलं.

आत्याबाई वावरातून आल्या. फाटकातच थांबल्या. हातातला डबा तिथंच ठेवला आणि मातीत बसल्या.

"कोनं आनलं हे?"

"मी मागितलं, आत्याबाई. पाणी आलं तर सोयाबीन काय पदराखाली झाकू?"

"सारं तूच मांगतलं?"

"सारं."

त्यांनी माझा हात धरून मला तीनदा विचारलं, तीनदा मी हो म्हटलं. मग उठल्या, पण वस्तूंना हात लावला नाही. चुलीपाशी जाता जाता म्हणाल्या, "आता मले कसं समजन वं?"

तेव्हा मी हसले. देवावर विश्वास नाही माझा, नाहीतर म्हटलं असतं, हे हसणं कुणीतरी माझ्याकडून माघारी घ्या.

दसऱ्याच्या पाच दिवस आधी, दुपारी, मी ओट्यावर बसून रजिस्टर भरत होते. समोरून कस्तुराबाई येताना दिसल्या. आता त्याही सत्तरीच्या. गुडघे गेलेले, दर दहा पावलांवर थांबत होत्या. छातीशी काहीतरी लांबडं धरलेलं, जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं. मी धावत जाऊन हातात घेतलं तर वजनानं माझाच हात खाली गेला. लुगड्याचं टोक सुटलं आणि आतलं लोखंड दिसलं. तेल लावून पुसलेलं, एक डाग गंजाचा नाही.

"काकू, हे तर मी मागितलं नव्हतं," मी म्हटलं.

"असू दे," त्या म्हणाल्या.

आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडं पाहत राहिल्या. मी पाणी आणायला आत गेले, तांब्या घेऊन बाहेर आले तोवर कस्तुराबाई पाठमोऱ्या झाल्या होत्या.

आत्याबाईंनी सब्बल उंबऱ्याच्या आत आडवी ठेवली आणि मला विचारलं, "दसऱ्याले किती दिस हायेत?"

त्या संध्याकाळी मी विहारात सगळ्यांना जमवलं आणि सांगितलं. राजपालभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं, मग म्हणाले, "सुकेशनी, तूच साऱ्या गावाले सामान माघारी मांगत फिरली. आता एका बुढीनं मांगं राह्यलेली वस्तू आनून देली तं तूच घाबरून राह्यली?" लोक हसले. त्यांचं तरी काय चुकलं? आत्याबाईंची घंटा सत्तेचाळीस वर्षं गावात टांगलेली होती, आणि ती वाजायच्या आधी तिची दोरी मीच कापली होती. धम्मरत्नसुद्धा घरी येताना म्हणाला, "कस्तुराकाकूले वाटलं असन, साऱ्यांनी देलं, आपनबी देऊन टाकाव." मलाही तसं वाटावं म्हणून मी पुष्कळ प्रयत्न केला.

ते जमेना, तेव्हा स्नेहाला बोलावून घेतलं आणि आम्ही दोघी ठाण्यात गेलो. ठाणेदार तरुण होते, बोलायला सभ्य. आम्हाला खुर्ची दिली, चहा मागवला.

"धमकी दिली का कुणी?"

"नाही साहेब."

"शिवीगाळ? दगडफेक?"

"नाही."

"मग नेमकं झालं काय?"

"सब्बल आणून दिली," मी म्हटलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "ताई, वस्तू चोरीला गेल्याच्या तक्रारी रोज येतात. परत आल्याची ही पहिलीच. वर मी काय कळवू, तुम्हीच सांगा."

स्नेहानं मागची घटना सांगितली, इतर देशांची उदाहरणं दिली, ग्रुपवरचे मेसेज दाखवले. ते सगळं त्यांनी नीट लिहून घेतलं. दोन होमगार्ड देतो म्हणाले. दुसऱ्याच दिवशी घरी प्रतिबंधक नोटीस आली. शांतता भंग केल्यास कारवाई होईल, अशी. धम्मरत्नच्या नावानं एक, राजपालभाऊंच्या नावानं एक, आणि स्नेहाच्या नावानं एक. तिकडं भागवतला आणि मंडळाच्या दोघांना. तीन इकडं, तीन तिकडं. जळणारे आणि जाळणारे एकाच मजकुराखाली, फक्त नावाची जागा वेगळी. स्नेहानं जिल्ह्याला, मुंबईला, दिल्लीला अर्ज पाठवले. एकाचंच उत्तर आलं, अर्ज पुढील कार्यवाहीसाठी पाठवला आहे म्हणून. पुढं कुठं, ते लिहिलं नव्हतं.

नोटीस हातात पडल्यावर राजपालभाऊंचं हसणं थांबलं. ते आणि धम्मरत्न भागवतकडं गेले, दगड बसवत नाही असं लिहून द्यायला तयार झाले. मी या गोष्टीला हो म्हटलं. पाच मेलेल्यांची नावं पुसून चौतीस घरं वाचत असतील तर पुसा, म्हटलं. असं म्हणताना मला माझीच शरम वाटली, पण म्हटलं. भागवतनं कागद हातातसुद्धा घेतला नाही. तो भिंतीकडं पाहत म्हणाला, "आता कागदाचं काही राह्यलं नाई. पोट्टे माह्या ऐकन्यात नाईत." धम्मरत्न सांगत होता, तो घाबरलेला दिसत होता. मला ते ऐकून जास्त भीती वाटली. भागवतसारख्यालाच जर भीती वाटत असेल, तर आमचं कोण ऐकणार होतं?

काल सकाळी मी कस्तुराबाईंकडं गेले. निमित्त त्यांच्या नातसुनेच्या तपासणीचं. राखी नाव तिचं, नववा महिना, पहिलटकरीण. ती आंघोळीला गेली होती. कस्तुराबाई पडवीत खाटेवर होत्या. मी खाटेपाशी बसले आणि त्यांचे पाय धरले. मी पाया पडणारी बाई नाही, पण धरले.

"काकू, एक शब्द सांगा. काय ऐकलंय तुम्ही?"

"मले कोन काय सांगते बाई? मी आली का बोलनं बंद होते."

"मग सब्बल काहून आणून देली?"

त्यांनी गोठ्याकडं पाहिलं. दार लावलेलं होतं, बाहेरून नवीन कुलूप. "तथी लोखंड जमा करून राह्यले," त्या हळूच म्हणाल्या. "सळ्या, पायपं, घरात हाये ते सारं. पंचफुलाचं त्याच्यात नको म्हनलं. तिच्याच लोखंडानं तिले..."

"हे एवढं ठाण्यात सांगा. मी गाडी आणते. एवढं एकच वाक्य सांगा."

त्यांनी मान हलवली. नाही म्हणून. कितीतरी वेळ हलवत राहिल्या. "लेकरू हाये माहं ते. नातू हाये. मागच्या बारीले बी मले एवढंच जमलं होतं बाई. याच्यावर मले नाई जमत."

मी उठले. मला त्यांना शिव्या द्याव्याशा वाटल्या आणि गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. ठाण्यात फोन लावला. गोठ्यात लोखंड आहे, कुलूप आहे, सगळं सांगितलं. कुणी पाहिलं, असं त्यांनी विचारलं. मी पाहिलं नव्हतं. शेतकऱ्याच्या गोठ्यात लोखंड असतंच ताई, असं पलीकडून उत्तर आलं.

आज सकाळच्या एसटीनं स्नेहाला कारंज्याला माझ्या बहिणीकडं पाठवलं. जायला तयार नव्हती. "आई, मीच दगड आणला अन् मीच पळून जाऊ?" म्हणाली. तिच्या आजीनं तिच्या तोंडावरून हात फिरवला. "दगडानं काही नाई झालं बाई. दगड नसता तं दुसरं काही असतं. त्या वक्ती तं निस्तं पानीच होतं." अकरा घरांतली लेकरं नि तरण्या पोरी गेल्या. बाकीचे थांबलेत. कुणाची सोयाबीन वावरात आहे, कुणाची गाय व्यायला झालीय, कुणाला जायला ठिकाणच नाही. होमगार्ड दुपारी आले. एक पन्नाशीचा आहे, त्याला दमा आहे. मी त्याला गोळी दिली. आत्याबाई काही केल्या निघेनात. दगड विहाराच्या भिंतीला टेकवून ठेवलाय, आमची परत आलेली ताडपत्री त्याच्यावर टाकलीय. त्या त्याच्याजवळ जाऊन बसतात. वाचता येत नाही, पण ताडपत्रीखाली हात घालून अक्षरं चाचपतात.

तासाभरापूर्वी मी घरातले कागद आवरायला घेतले. पेटीत सातबारा, धम्मरत्नचं आधार कार्ड, माझं रजिस्टर. त्याखाली सहा कार्डं निघाली, गावातल्या सहा गरोदर बायांची. महिन्याच्या नोंदी करायला मी ती घरी आणून ठेवली होती. कुणाचं रक्त किती, कुणाला कोणत्या सुया झाल्या, कुणाच्या पोटातलं बाळ आडवं आहे, सगळं त्याच्यात. ती हातात घेऊन मी उभी राहिले. ही इथं राहिली आणि उद्या घर राहिलं नाही तर त्या बाया दवाखान्यात काय दाखवणार? माझ्या मनात एवढंच आलं. दुसरं काही आलं नाही, खोटं कशाला सांगू. पिशवीत घातली आणि निघाले.

पहिल्या घरी कार्ड दिलं तेव्हा ती बाई म्हणाली, "काहून ताई, आजच? महिना तं सरला नाई अजून." काहीतरी सांगितलं. दुसरीनं विचारलं, "बदली झाली का तुमची?" तिसरी म्हणाली, "राहू द्या ना तुमच्यापाशी, माह्याजवळ हरपते." चौथीच्या दारातून निघाले तेव्हा माझे पाय जागीच थांबले. मी गावात दारोदार फिरून लोकांच्या वस्तू परत करत होते. मी कुणाला काही सांगत नव्हते. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी कस्तुराबाई आमच्या वस्तीत जशा आल्या असतील, तशीच मी चालले होते. त्यांच्यावर मी रागावले होते. तो राग आता कुठं ठेवू, ते मला कळेना. पाचव्या घरी गेले, तिनंही विचारलं.

राखीचं घर शेवटचं. गोठ्याचं कुलूप काढलेलं होतं, दार नुसतं लोटलेलं. कस्तुराबाई खाटेवर भिंतीकडं तोंड करून निजल्या होत्या. राखी पडवीत पाय पसरून बसली होती, पोटावर हात. मला पाहून उठायला लागली.

"बस, बस," मी म्हटलं. "तुही तारीख पुढच्या हप्त्यात हाये. दुखलं तं लगेच एकशेआठले फोन लावजो. माही वाट पाहू नको."

मी कार्ड पुढं केलं. तिनं दोन्ही हातांनी घेतलं, छातीशी धरलं, आणि खाली पाहत राहिली. मी मुद्दाम थांबले. पिशवी उगाच झटकली, चपलेचा पट्टा सारखा केला. बाकीच्या पाच जणींनी विचारलं होतं, काहून म्हणून.

राखीनं विचारलं नाही.